रिपोर्ट बाईचा, निर्णय घराचा?

आपल्या घरांत कॅन्सरचा रिपोर्ट आला की पहिलं वाक्य आजाराबद्दल नसतं. ते असतं, ‘किसी को बोलना नक्को.’ आणि दुसरं, ‘इसको भी अभी मत बताओ.’ ज्या बाईच्या छातीतून सुईनं तुकडा काढला, त्या तुकड्यात काय निघालं हे तिच्या दिराला कळतं, भावाला कळतं, भिवंडीत राहणाऱ्या चुलत भावाला फोनवर कळतं. तिला एवढंच सांगितलं जातं की थोडी सूज आहे, गोळ्यांनी जाईल. मग एक दिवस तिला गाडीत बसवून शहरात नेतात आणि ती विचारते, ‘मेरे को हुआ क्या है?’ गाडीतले सगळे खिडकीबाहेर बघतात.

मी परभणी तालुक्यातल्या पिंगळीची. वय ४४. बी.एड. झाल्यापासून उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या महिन्यात डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. आठ दिवसांत तपासणी झाली, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली, सुईची बायोप्सी झाली, आणि रिपोर्ट आला. स्तनाचा कर्करोग. पाकीट मी उघडलं, मीच वाचलं, आणि घरात मीच सांगितलं. त्यावर आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाईकांची पहिली तक्रार काय होती? ‘तू खुद क्यूं खोली? घर में मर्द नहीं थे क्या?’

मर्द होते. पण गाठ माझ्या छातीत होती.

हे लपवण्याचं समर्थन लोक तीन गोष्टींनी करतात. पहिली म्हणजे सब्र. सब्राचा अर्थ गप्प बसणं असा कोणी आणि कधी लावला, मला ठाऊक नाही. इलाज करा, अल्लाहनं म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला दवा ठेवली आहे, हे पैगंबरांचं म्हणणं आपल्या मदरशातलं पोरगंही सांगतं. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, हा किस्साही सगळ्यांना पाठ आहे. पण बाईच्या आजारात उंट मोकळाच सोडला जातो आणि भरवसा तेवढा शिल्लक राहतो. दुआला माझा विरोध नाही. मीही मागते, तहज्जुदला उठून मागते. परभणीत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर जाऊन बसल्यानं माझ्या आईच्या मनाला बरं वाटतं, तर ती जाईल. माझा विरोध ‘पहले दुआ कर लेते, बाद में देखेंगे’ यातल्या ‘बाद में’ला आहे. त्या ‘बाद में’मध्ये तीन-चार महिने सहज जातात, आणि लिंबाएवढी गाठ काखेपर्यंत पोचते.

दुसरी गोष्ट इज्जत. ‘छातीचा’ आजार, कसं सांगायचं? हृदयाचा आजारही छातीतच होतो, तो मात्र चौकात बसून सांगितला जातो. कुणाच्या छातीत किती स्टेंट टाकले, किती खर्च आला, सगळं.

तिसरी गोष्ट सगळ्यात खरी आहे आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नुकसान करते. मुलींची लग्नं. ‘खानदान में कॅन्सर है’ असं बाहेर गेलं तर रिश्ते येणार नाहीत. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, मलाही दोन मुली आहेत. पण आकडे बघा. स्तनाच्या कर्करोगातले साधारण शंभरातले पाच ते दहा आजारच आईबापांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतात. उरलेल्या नव्वदींत मुलीचा रिश्ता मोडण्यासारखं काही नाही. आणि ज्या पाच-दहांत तसं आहे, तिथे तर मुलीला ते माहीत असणं हाच तिचा बचाव. तिनं तपासणी कधीपासून सुरू करायची, किती वर्षांनी करायची, हे आईच्या आजारावरून ठरतं. म्हणजे मुलीच्या भल्यासाठी लपवतो असं म्हणत आपण नेमकी तिच्यापासूनच तिच्या कामाची गोष्ट लपवतो. तो दोष बापाकडूनही येऊ शकतो, हे तर लग्न जुळवणाऱ्यांना कुणी सांगतच नाही.

दोन भाषा शिकवणाऱ्या बाईचा एक किडा इथे वळवळतोच, म्हणून सांगते. उर्दूत या आजाराला सरतान म्हणतात. अरबीत सरतान म्हणजे खेकडा. मराठीतला कर्क म्हणजेही खेकडा. इंग्रजीतला कॅन्सरही खेकडाच. तिन्ही भाषांत या आजाराच्या नावात एकच प्राणी आहे. शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. तोंडच उघडत नाही. शाळेतही शरीराचा धडा आला की ‘घर से पढ़ के आना’ म्हणून पानं उलटणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पोरीनं घरी कुणाला विचारायचं?

हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याजवळच्या अल्-जहरावीनं शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. त्यात या गाठीबद्दल तो जे सांगतो त्याचा मतलब असा की लहान असतानाच, पूर्ण काढता येईल अशा जागी असेल, तर कापून काढा. जुनी आणि मोठी झालेली असेल तर हात लावू नका, कारण अशा रोग्याला मी स्वतः कधी बरं करू शकलो नाही. त्याच्याकडे भूल नव्हती, किरण नव्हते, गोळ्या नव्हत्या. तरी वेळेचं महत्त्व त्याला कळलं होतं. ‘हमारे बुजुर्गों की तिब’ असं म्हणत बाटलीत काळं पाणी भरून विकणाऱ्यांनी त्या बुजुर्गांचं एक पान तरी वाचलं आहे का? माझ्याकडे या तीन आठवड्यांत अशा चार बाटल्या आल्या. एकीची किंमत साडेतीन हजार. त्यावर काय काय घातलंय हे लिहिलेलं नाही, पण ‘केमो मत लेना’ हे सोबतच्या पोरानं तोंडी सांगितलं. दवा विकणं वेगळं आणि दुसऱ्याची दवा बंद करायला सांगणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला मी गुन्हा म्हणते.

आता सुईबद्दल. ‘सुई लावली की पसरतो’ हे वाक्य मी डॉक्टरकडे जाण्याआधी अकरा जणांकडून ऐकलं. शिकलेल्यांकडूनही. हे खरं नाही. नुकसान होतं ते याच्या उलट वागण्यात. गाठ कसली आहे हे न बघताच एखाद्या छोट्या दवाखान्यात ‘छोटं ऑपरेशन’ करून ती काढून टाकायची, तुकडा तपासायला पाठवायचाच नाही, आणि चार महिन्यांनी टाक्यांच्या जागी पुन्हा गाठ आली की मग मोठ्या दवाखान्याकडे धावायचं. मलाही एका ठिकाणी ‘कशाला बायोप्सी, उद्याच काढून टाकू, पंचवीस हजार’ असं सांगण्यात आलं. मी उठून आले. दहा गाठींतल्या आठ साध्याच निघतात, हे खरं आहे. पण कुठल्या आठ, हे तपासल्याशिवाय सांगणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही.

तेव्हा ज्यांच्या हातात आज नवा रिपोर्ट आहे त्यांच्याशी बोलते. बहिणींनो, हा आजार अपघातासारखा नाही, आज रात्रीच कापा असं त्यात नसतं. नीट तपासण्यांत दोन-तीन आठवडे गेले तर काही बिघडत नाही. महिने गेले तर बिघडतं. बायोप्सीच्या तुकड्यावर आणखी एक तपासणी होते, तिचा रिपोर्ट वेगळा येतो. त्यात इआर, पीआर आणि हर-टू असे तीन शब्द असतात. पहिले दोन पॉझिटिव्ह असतील तर आजार शरीरातल्या हार्मोनवर पोसला जातोय, आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच-दहा वर्षं घ्यावी लागते; ती फार महाग नसते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यासाठी वेगळं इंजेक्शन आहे. ते पूर्वी परदेशी आणि आपल्या आवाक्याबाहेरचं होतं, २०१४ पासून भारतीय कंपनीचंही मिळतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर केमोवर भर. हे तीन शब्द कळल्याशिवाय ‘कुठला इलाज’ या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारा. आणि सगळे कागद एका फायलीत, स्वतःच्या कपाटात ठेवा. जेठच्या कपाटात नको.

माझा हर-टू पॉझिटिव्ह आहे आणि काखेत एक गाठ आहे, म्हणून मला आधी केमो आणि ते इंजेक्शन, नंतर शस्त्रक्रिया असं ठरलं. मोहल्ल्यात याचा अर्थ लगेच असा लागला की ‘ऑपरेशन के लायक भी नहीं रही बिचारी.’ एक बाई तर माझ्या आईच्या गळ्यात पडून रडून गेल्या. खरं असं की आधी सलाईन दिल्यानं गाठ लहान होते, कधी कधी पूर्ण स्तन काढण्याची गरज उरत नाही, आणि औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. पण आमच्याकडे आजारी बाईपेक्षा तिचं भाकीत करणाऱ्यांना जास्त मान.

पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ, यावरही घरातले पुरुष मतदान करून मोकळे होतात. ‘अब उस उमर में क्या करना है, निकाल डालो.’ कुठली उमर? अमेरिकेत फिशर आणि इटलीत वेरोनेसी या दोन शल्यविशारदांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. लवकरच्या आजारात फक्त गाठ काढून नंतर किरण देणं आणि पूर्ण स्तन काढणं, दोन्हींत बायका सारख्याच जगल्या. सगळ्यांनाच गाठीपुरतं ऑपरेशन करता येतं असं नाही, ते गाठीवर आणि स्तनाच्या आकारावर ठरतं. पण जिथे येतं तिथेही खेड्यातल्या बाईचा पूर्ण स्तन जातो, आणि त्याचं कारण बऱ्याचदा वैद्यकीय नसतं. किरण देणारं मशीन गावापासून लांब असतं, हे असतं. किरण पूर्वी पाच आठवडे द्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत संपतात, तरी तीन आठवडे बाईनं घर सोडून संभाजीनगरला किंवा बार्शीला राहायचं म्हटलं की भाकरी कोण थापणार हा प्रश्न उभा राहतो. आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात एक स्तन जातो. बाईनं सगळं समजून ‘काढून टाका’ म्हटलं तर तो तिचा हक्क, मी हरकत घेणारी कोण? मात्र भाकरीसाठी तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी म्हटलं, तर त्याला निर्णय म्हणू नका.

पैशाचं सांगते, कारण पैशाच्या नावाखाली बराच उशीर खपवला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जिला लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात, तिचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत नेलं आहे आणि कुठलंही रेशनकार्ड असलेल्यांना ती खुली आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, फोन १५५३८८. कुठली तपासणी, कुठलं इंजेक्शन योजनेत बसतं आणि कुठलं नाही, हे सुरू करण्याआधी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. रेल्वेत कॅन्सरच्या रोग्याला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, सोबतच्या माणसाला पाऊण सवलत मिळते. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. परळच्या टाटाला जायचं असेल तर परभणीहून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन आहेतच. पण सगळ्यांनी टाटालाच पळावं असं नाही. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ आहे, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आहे. टाटाचं मत एकदा घेऊन उपचार जवळ करणारेही पुष्कळ आहेत.

योजनेत आपल्या बायका अडकतात त्या नावात. हे मी शिक्षिका म्हणून वीस वर्षं बघतेय. शाळेच्या दाखल्यावर फातेमा बी, रेशनकार्डावर फातमा बेगम, आधारवर शेख फातिमा आणि पुढे नवऱ्याचं नाव, कधी बापाचं. उर्दूत एकच नाव, मराठीत त्याची तीन रूपं आणि इंग्रजीत पाच. संगणकाला या तीन वेगळ्या बायका वाटतात आणि मंजुरी अडते. बाई आजारी, नवरा तहसीलच्या रांगेत. माझं ऐका, आजार नसतानाच, याच महिन्यात घरातल्या प्रत्येक बाईचे कागद समोर ठेवा आणि अक्षरं जुळवा. ज्यांच्या नावानं बार्शीचं रुग्णालय आहे त्या नर्गिसचंही खरं नाव फातिमा रशीद होतं. त्यांना कुणी कागद मागितले नसतील, आपल्याला मागतात.

आता पर्द्याचा मुद्दा. ‘मर्द डॉक्टर के सामने कैसे?’ हा प्रश्न विचारणारे ज्यांच्या दाखल्यानं बोलतात, त्या पैगंबरांच्या काळात मदीनेत रुफैदा नावाची बाई जखमींवर इलाज करायची. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांना मशिदीतल्या तिच्या तंबूत ठेवलं होतं. बाईनं पुरुषावर इलाज केलेला चालतो, मग गरजेपुरता पुरुष डॉक्टरनं बाईवर केलेला का चालू नये? जरूरतीचा मसला कुठल्याही आलिमला विचारा, तो हेच सांगेल. आणि ज्यांना बाईच डॉक्टर हवी असं मनापासून वाटतं, त्यांना माझा साधा प्रश्न आहे. तुमच्या किती मुलींना तुम्ही बारावी सायन्सला घातलं?

खरं तर पहिल्या तपासणीला डॉक्टरही लागत नाही, मशीनही लागत नाही. हे मी म्हणत नाही. १९९८ मध्ये टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. अर्ध्या बायकांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातानं तपासणी केली. सेविकाही बायकाच. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मी स्वतः त्याच वयातली आहे. त्या वयात हाताला काही लागलं तर वाट न बघणं एवढंच आपल्या हातात राहतं.

आणि ‘आपल्याकडच्या बायका तपासणीला येतच नाहीत’ हे तर मला कुणी ऐकवूच नये. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. एक लाख तीस हजारांहून जास्त बायका त्या अभ्यासात होत्या, आणि ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांतल्या दहापैकी जवळपास आठ आल्या. ती तपासणी छातीच्या तपासणीपेक्षा कितीतरी अवघड, तरी आल्या. गावागावात बाईनं जाऊन बाईला समजावलं, म्हणून आल्या.

सरकारी कागदावर तर आज तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी उपकेंद्रात व्हायला हवी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून जातात. बिचाऱ्यांचा दोष नाही, त्यांना शंभर फॉर्म. पण फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असं नाही. तुमची झाली का? कुणी हात लावून बघितलं का? नसेल तर उपकेंद्रात जाऊन मागा. २०२२ मध्ये देशात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रोगी आणि ९८ हजार मृत्यू असा अंदाज आहे. बायकांत दुसरा कुठलाच कर्करोग इतका होत नाही.

टीव्हीवर मुस्लिम बाई फक्त तलाक आणि बुरख्यापुरती असते. आपले सुधारकही तेवढ्यावरच भांडतात आणि मौलवीही तेवढ्यावरच. दोघांनाही तिच्या शरीरावर काय घालायचं याची चिंता. त्या शरीरात काय वाढतंय याची कुणाला नाही. एका मशिदीच्या कमिटीला मी विचारलं की जुम्याच्या नमाजनंतर एवढंच पुकारा की उपकेंद्रात बायकांची तपासणी आहे, घरी सांगा. उत्तर मिळालं, ‘मॅडम, ये बातें माइक पे?’ पोलिओचा डोस माइकवरून पुकारला गेला, आणि २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओची केस सापडली नाही. कोविडची लस पुकारली गेली. हरवलेली शेळी रोज पुकारली जाते.

२०२४ च्या जूनमध्ये हिना खान या अभिनेत्रीनं स्वतः जाहीर केलं की तिला तिसऱ्या टप्प्याचा स्तनाचा कर्करोग आहे, आणि पुढे केस कापतानाचा व्हिडिओही टाकला. ती पैशावाली, मुंबईची, तिचं सोडा, असं म्हणणारे म्हणतील. पण माझ्या नववीच्या मुलींनी तो व्हिडिओ पाहिला होता. त्यामुळे मी वर्गात सांगितलं तेव्हा त्यांना मला काय विचारायचं ते माहीत होतं. एकीनं विचारलं, ‘मॅम, बाल वापस आते ना?’ येतात, म्हटलं. दुसरीनं विचारलं, कुणाला लागतो का हा आजार? लागत नाही, म्हटलं, माझ्या डब्यातलं खाऊ शकता. तिसरी तास संपल्यावर मागे राहिली आणि म्हणाली की अम्मीला एक गाठ आहे, रमजानपासून, अब्बांना सांगितलेलं नाही.

तिच्या अम्मीला मी शनिवारी सोबत घेऊन परभणीला जातेय. माझं पहिलं सलाईन सोमवारी आहे. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहा, असं ऑफिसात सुचवण्यात आलं होतं. मी आजाराचं नाव लिहिलं आहे, दोन्ही भाषांत.